सोनुबाईचा फेर

विमल टिपणीस डावखुरी होती. भिसेगावातल्या टिपणिसांच्या घरात हा दोष चोरी करणं आणि उलट उत्तरं देणं यांच्याच पंगतीत बसवला जाई. अप्पा टिपणीस कर्जतच्या कोर्टात वकिली करत, आणि घरी आल्यावर फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश ही तिन्ही कामं तेच पाहत. पोरीने डाव्या हातात पेन्सिल धरली की ते पट्टी उचलत. वर्षभरात लिहिणं आणि जेवणं उजव्या हाताकडे गेलं. चित्रं मात्र डाव्या हाताकडेच राहिली, कारण ती चित्रं काढताना बघायला कुणी येत नसे. मुलीची चित्रकला म्हणजे लग्न ठरेपर्यंत वेळ घालवायची गोष्ट, असं अप्पांचं स्वच्छ मत होतं.

त्या घरात रोज सकाळी कडावहून सोनुबाई दूध घालायला यायची. तिथल्या चांगो दूधवाल्याची बायको, नुकतीच लग्न होऊन आलेली, विमलहून सात-आठ वर्षांनी मोठी. बोलायला फटकळ होती आणि हसायची तर पार ओटीपर्यंत ऐकू जायचं. बावन्न सालच्या गौरीला ती अप्पांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "वकीलसायेब, पोरीला न्हेते आज माज्या घरी. दिस मावळायच्या आत आनून सोडते." अप्पा नाही म्हणायच्या आत ती विमलचा हात धरून रस्त्याला लागलीही होती.

कडावच्या त्या अंगणात विमलने पहिल्यांदा फेर पाहिला. दुपारची जेवणं आटोपली होती. तेरड्याची गौर पाटावर बसवून अंगणाच्या मधोमध आणून ठेवली होती, आणि पंधरा-वीस बायका एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफून तिच्याभोवती फिरत होत्या. पाऊल पुढे, अर्धं मागे, आणि मग सगळ्यांचा मिळून एक ठेका, असा की शेणाने सारवलेली जमीन हुंकार भरायची. सोनुबाई सगळ्यांत पुढे होती. तिचं अंग खाली दबायचं आणि वर यायचं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये काहीतरी व्हायचं ते अकरा वर्षांच्या विमलला डोळ्यांनी पकडता येईना. तिलाही फेरात ओढून घेतलं. ती नाचली, घामाघूम झाली, आणि घरी येऊन आईला करून दाखवायला लागली. अप्पांनी ओटीवरून येऊन एक थोबाडीत दिली.

"टिपणिसांच्या मुली नाचत नाहीत," ते म्हणाले.

विमल त्यानंतर आयुष्यात कधी नाचली नाही. पण त्या थपडेचा राग तिच्या मनातून गेला नाही, आणि पुढे तिने जे जे केलं त्याच्या बुडाशी तो राग होता. असा राग माणसाला खूप लांब नेतो, पण वाटेत इकडेतिकडे बघू देत नाही.

मुंबईच्या कलाशाळेत तिला जाऊ दिलं ते मावशी गिरगावात राहत होती म्हणून. तिथून ती जाहिरातींच्या कार्टून फिल्म करणाऱ्या एका स्टुडिओत चिकटली. काम कसलं, तर मुख्य चित्रकाराने उंदराची दोन चित्रं काढायची, एक उडी मारण्याआधीचं आणि एक मारल्यानंतरचं, आणि विमलसारख्या पोरींनी मधली सगळी भरायची. मग ती सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर गिरवायची, मागून रंगवायची, आणि कॅमेऱ्याखाली एकेक ठेवून फोटो घ्यायचे. पडद्यावर एका सेकंदात बारा चित्रं निघून जात. उंदीर टॉनिक पिऊन नाचायचा. फोटो झाले की पत्रे हौदात धुवायचे आणि त्यांवर पुढचा उंदीर काढायचा, कारण ते पत्रे परदेशातून येत आणि सहज मिळत नसत. सहा महिन्यांचं काम दुपारभरात मोरीतून वाहून जाई, आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

स्टुडिओतल्या मोठ्या साहेबांचा विमलवर लोभ होता. "हालचाल म्हणजे वजन," ते म्हणत. "पाऊल पडलं की वजन कुठे जातं ते मला दाखव. बाकी सगळी रांगोळी आहे." हे ऐकताना विमलला दरवेळी सोनुबाईचा ठेका आठवे. बारा वर्षांपूर्वी जे पकडता आलं नव्हतं ते पकडायचं तंत्र आता तिच्या हातात होतं. पासष्ट साली तिने नोकरी सोडली. घरी बसून, एकटीने, गौरीच्या फेरावर नऊ मिनिटांची फिल्म काढणार म्हणून सांगितलं तेव्हा साहेब पोट धरून हसले.

"अगं, त्यापेक्षा लग्न कर," ते म्हणाले. "कष्ट तेवढेच, पण निदान लोक जेवायला तरी येतात."

ती भिसेगावला परतली. तिच्या लग्नासाठी अप्पांनी आधीच एक सागवानी पलंग करून ठेवला होता. दहिवलीच्या मोरू सुताराला बोलावून तिने तो पलंग मोडला आणि त्याचा कॅमेरा टांगायचा घोडा करून घेतला. खाली काच, काचेखाली दिवा, वर कुठूनसा मिळवलेला जुना कॅमेरा. त्या दिवसापासून पाच वर्षांनी डोळे मिटेपर्यंत अप्पा तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. विमलने ते मनाला लावून घेतलं नाही, किंवा लावून घ्यायला तिला वेळ नव्हता.

सोनुबाई मात्र खूश झाली. आपला नाच पिक्चरमध्ये जाणार, म्हणजे टाकीज असलेल्या गावात आपलं नाव होणार, एवढं तिने धरलं. आठवड्यातून एकदा विमल वही घेऊन कडावला जायची आणि खळ्यात सोनुबाई तिच्यासाठी नाचायची. पहिल्याच दिवशी भांडण झालं. विमल म्हणाली, पाय उचललास की तसाच धर, मला काढू दे.

"थांब म्हनतेस तर थांबते गं बाय," सोनुबाई म्हणाली. "पन मंग ते नाचनं नाय. ते उबं ऱ्हानं हाय."

ते खरंच होतं, आणि विमलला ते तिथल्या तिथे पटलं. मग सोनुबाई नाचायची आणि विमल नजर न काढता, वहीकडे न बघता हात चालवायची. दुसरं भांडण त्याहून मोठं झालं. गौर भाद्रपदात अडीच-तीन दिवस येणार, आणि विमल तर माघ-फाल्गुनात नाच म्हणत होती.

"गौरीबिगर नाचायचं कुनासाठी?"

"माझ्यासाठी," विमल म्हणाली.

 सोनुबाई घरात जाऊन पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली, त्यात चार आंब्याची पानं खोचली, खळ्याच्या मधोमध ठेवला आणि त्याच्याभोवती नाचायला लागली. विमलने त्या दिवशी बावीस पानं भरली. गुडघा, टाच, कमरेचा बाक, मानेची शीर, ठेका पडताना हलणारी गोंदलेली दंडाची कातडी, सगळं होतं. तांब्या एकाही पानावर नव्हता.

मोठी चूक झाली ती सहासष्ट सालच्या एका सकाळी, आणि ती चूक करताना विमल पूर्ण शुद्धीवर होती. मुख्य चित्रं काढायला ती बसली. उजव्या हाताच्या चित्रकाराला डावीकडे तोंड केलेला माणूस सहज निघतो, आणि डावखुऱ्याला उजवीकडे तोंड केलेला. यात विशेष काही नाही, हाताची ठेवणच तशी असते. कडावचा फेर गौरीला उजव्या हाताला ठेवून चालतो. म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या पुढ्यातून बायका डावीकडे जाताना दिसतात. विमलने तशी दहा-बारा चित्रं काढून पाहिली. रेघ अडखळत होती, चेहरा पुतळ्यासारखा येत होता. मग तिने सोनुबाईला उजवीकडे तोंड करून काढलं, आणि रेघ अशी धावली की विमलच्या अंगावर काटा आला. तीच ती सोनुबाई होती, दबणारी आणि उसळणारी. विमलने पेन्सिल खाली ठेवून क्षणभर विचार केला. फेर तो फेर, इकडून काय आणि तिकडून काय, असं ती स्वतःशी म्हणाली आणि कामाला लागली. गौर तर तिने आधीच काढून टाकली होती. इतक्या हलत्या बायकांच्या मध्ये एक न हलणारी वस्तू ठेवली की सगळी गंमत मरते, हे स्टुडिओत शिकलेलं शहाणपण.

साडेसहा हजार चित्रं आणि नऊ वर्षं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी बसायचं आणि पाठ मोडली की उठायचं. पोटासाठी ती कर्जतच्या दुकानांच्या पाट्या रंगवी, लग्नपत्रिकांवर गणपती काढी. तिच्या वर्गातल्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली. भिसेगावात तिला 'वेडी विमल' म्हणत, तेही तोंडावर. तिला कशाचंच वाईट वाटत नसे, कारण तिला एका माणसाचा शब्द हवा होता आणि तो माणूस कडावला राहत होता. सोनुबाईने बघावं आणि म्हणावं, व्हय, ही मीच, ह्यो आमचाच फेर. मग जगाने दगड मारले तरी चालणार होते. हे ती मनाशी रोज म्हणायची, आणि म्हणताना तिला ते खरं वाटायचं.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात फिल्म तयार झाली. मुंबईच्या लॅबमधून प्रिंट आली ती मुकी होती. बायकांचं गाणं विमलने वेगळं टेपरेकॉर्डरवर घेतलं होतं. भाड्याचा प्रोजेक्टर टेंपोत घालून तिने कडावच्या शाळेत नेला. भर दुपारी एका वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या टांगल्या, भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. फेरातल्या बाराजणी आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. सोनुबाई पुढे मांडी घालून बसली. तिच्या शेजारी गौराबाई, गावातली सगळ्यांत जुनी नाचणारी, जिने सोनुबाईला फेर शिकवला होता.

धोतरावर सोनुबाई उमटली आणि बायकांनी एकच गिल्ला केला. "अगं बया, सोनूच ती! मान बग कशी वाकडी धरते!" कुणीतरी सोनुबाईच्या पाठीत धपाटा घातला. सोनुबाईने पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हसून हलत होते. प्रोजेक्टरमागे उभ्या असलेल्या विमलचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत तिने स्वतःला एवढं सुख होऊ दिलं नव्हतं.

मग फेर सुरू झाला. बायका उजवीकडे निघाल्या, आणि वर्गातलं हसणं आधी एका कोपऱ्यात थांबलं, मग दुसऱ्या. गाणं टेपवर चालूच होतं. गौराबाईने डोक्यावरून पदर घेतला, कुणाकडे न बघता उठली आणि घोंगडी सारून बाहेर गेली. तिच्यामागून दोघी गेल्या. विमलला वाटलं म्हातारीला उकडलं असेल. नऊ मिनिटं पुरी झाली तेव्हा वर्गात सोनुबाई एकटी बसली होती.

"बाय," ती मागे वळून म्हणाली, "मदी कोन निजलंय?"

"कुठे?"

"फेराच्या मदी. आमी कुनाभवती फिरतोय?"

विमलला काही कळेना. मग सोनुबाईनेच सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं, न रागावता. कडावात एखादी सवाष्ण गेली की तिला उचलायच्या आधी बायका तिच्याभोवती पाच फेरे घालतात, डाव्या हाताला ठेवून, उलटे. तेव्हा कुणी गात नाही आणि तोंड उघडत नाही. फेर उलटा चालला की मध्ये मढं असतं. आणि इथे बायका गात होत्या, हसत होत्या, ठेका धरत होत्या.

"मी कदी बी अशी नाचली नाय गं," सोनुबाई म्हणाली. "असं का काडलंस?"

माझा हात तसा सहज चालतो म्हणून, हे उत्तर विमलच्या जिभेवर आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती घाईघाईने म्हणाली, थांब, हे आत्ता सुलटं होतं, उलटं काही नसतं यात. तिने रीळ सोडवलं, फिल्मची बाजू पालटली आणि पुन्हा लावलं. धोतरावर आता सगळं आरशातल्यासारखं आलं. नावाची अक्षरं उलटी आली, पण फेर बरोबर डावीकडे चालला होता. विमलने आशेने सोनुबाईकडे पाहिलं.

सोनुबाई पुढे सरकून बघायला लागली. धोतरावर तिची मोरणी उजव्या नाकपुडीत गेली होती. पदर भलत्या खांद्यावर होता. दंडावरचं गोंदण या हातावरून त्या हातावर गेलं होतं.

"आता फेर बरुबर हाय," ती म्हणाली. "पन आता ही मी नाय."

विमलने दिवा बंद केला. बाहेर बायका झाडाखाली उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या.

"नऊ वर्सं तू माज्याकडं बगत व्हतीस," सोनुबाई उठता उठता म्हणाली. "माजं पाय बगलंस, गुडघं बगलंस. मी कुनाकडं बगत व्हते त्ये एकडाव तरी बगायचं व्हतंस गं."

 सोनुबाई रागाच्या भरात बोलली असती तर विमलने वाद घातला असता. पण ती विमलची समजूत काढत असल्यासारखी बोलत होती, आणि ते फार लागलं. विमल म्हणाली, "मी पुन्हा काढते. सगळी. गौरही काढते. तोवर ही कुणाला दाखवणार नाही."

"सबूद दे."

विमलने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

ती खोटं बोलली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती बसली. कागद पालथा घालून मागून गिरवला की चित्र सुलटं होतं. मोरणी, पदर आणि गोंदण तेवढं जागच्या जागी आणायचं, मध्ये गौर घालायची. सहा-सात वर्षांचं काम. नवे पत्रे कुठून आणणार, म्हणून जुनेच धुवायचे होते; एवढ्या वर्षांत तेच ते धुऊन वापरल्यामुळे चित्रं असलेला एकच गठ्ठा उरला होता. पंधरा दिवसांत तिने चाळीस चित्रं केली आणि तो गठ्ठा मागच्या हौदात बुडवला.

त्याच आठवड्यात पत्र आलं. स्टुडिओतल्या मोठ्या साहेबांनी लॅबमध्ये तिची फिल्म पाहिली होती आणि तिला न विचारता एक प्रिंट काढून परदेशातल्या महोत्सवाकडे धाडली होती. फिल्म निवडली गेली होती. वीस मूळ पत्रे प्रदर्शनात लावायला हवे होते, तेही लगेच.

विमल पत्र हातात घेऊन हौदापाशी गेली. पाण्यात रंग सुटायला लागला होता. लाल, हळदी, हिरवा, सगळं मिसळून पाणी मातकट झालं होतं.  तिला अप्पांची थप्पड आठवली, मोडलेला पलंग आठवला, 'वेडी विमल' आठवलं. मग तिने हात घालून पत्रे भराभर बाहेर काढले आणि पदराने टिपले. बावीस वाचले. एकदाच जाऊ दे, ती स्वतःला म्हणाली. परदेशात कुणाला काय कळतंय. पत्रे परत आल्यावर पुढचं काढीन.

परदेशात खरंच कुणाला काही कळलं नाही. बक्षीस मिळालं. मग दिल्लीला सरकारी पदक मिळालं. तिथे एका मोठ्या जाणकाराने भाषण केलं. या स्त्रिया परंपरेच्या उलट दिशेने चालतात, तो म्हणाला, आणि मधली जागा मोकळी ठेवण्यात तर या चित्रकर्तीने देवालाच प्रश्न विचारला आहे. टाळ्या झाल्या. विमल व्यासपीठावर बसून होती. तिने मान डोलावली. त्या वेळी मान डोलावण्यापलीकडे तिने काही केलं नाही, हे खरं. पण पुढच्या वर्षी एका मासिकाच्या मुलाखतीत तिने हेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि तेही अशा सफाईने की सांगताना तिला क्षणभर ते पटलंसुद्धा.

दूध आता डेअरीत जायला लागलं होतं, त्यामुळे सोनुबाईला भिसेगावात यायचं कारण उरलं नव्हतं. विमलला ते फार सोयीचं पडलं. दोनदा सोनुबाईचा मुलगा गजा नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आला.

"आयनं इचारलंय, पुन्यांदा काडून झालं का?"

"होतंय. थोडं राहिलंय," विमल म्हणाली.

चाळीसच चित्रं होती, आणि ती माळ्यावर गेली होती. तिसऱ्या वर्षी गजा आला नाही. तांदूळही आले नाहीत. फिल्म तोवर टीव्हीवर दोनदा लागून गेली होती, आणि कडावच्या ग्रामपंचायतीत टीव्ही आला होता.

विमलचं नाव झालं. चर्चासत्रांना बोलावणी आली, कर्जतच्या नगरपालिकेने शाल दिली, एके काळी तिला वेडी म्हणणारे आता 'आमची विमल' म्हणायला लागले. काम म्हणाल तर मलेरियाचा डास आणि कुटुंब नियोजनाचा त्रिकोण, सरकारने सांगितलेले. स्वतःची दुसरी फिल्म तिने तीनदा सुरू केली. मुख्य चित्रं निघत. मधली भरायला बसली की कागदावरची बाई उभीच राही. विमलला कारण ठाऊक होतं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

चौऱ्याऐंशी साली दहिवलीच्या शाळेत तालुक्यातल्या शाळांचा कलामेळावा झाला. विमल प्रमुख पाहुणी होती. दुपारी मांडवात सतराशे साठ घोषणा झाल्या आणि मग सुचेताबाई नावाच्या एका उत्साही शिक्षिकेने माईकवर सांगितलं, आता आमच्या मुली सादर करत आहेत रायगडचा पारंपरिक गौरी नाच, आणि ज्यांच्या फिल्मवरून आम्ही तो शिकलो त्या आपल्यासमोरच बसल्या आहेत. व्हिडिओ आणून, थांबवून थांबवून, त्यांनी एकेक पाऊल बसवून घेतलं होतं.

बारा मुली आल्या. विमलच्या पुढ्यातून त्या उजवीकडे निघाल्या. मधली जागा मोकळी होती. मुली गात होत्या, हसत होत्या आणि ठेका अगदी चोख पडत होता. पुढे होती ती मुलगी तर अशी दबत आणि उसळत होती की विमलने खुर्चीचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, उठावं आणि थांबवावं. ती उठली नाही.

पहिलं बक्षीस त्याच नाचाला मिळालं. ढाल घ्यायला ती पुढची मुलगी व्यासपीठावर आली. बारा वर्षांची असेल. विमलने विचारायला नको होतं, पण विचारलं.

"नाव काय तुझं?"

"जनी गजा. कडावची."

"सोनुबाईची नात?"

"व्हय," मुलगी खुलली. "तुमाला म्हाईत हाय माजी आजी?"

"तिनेच शिकवला ना तुला फेर?"

"तिनं आदी शिकवला व्हता, पन उलटा शिकवला," जनी म्हणाली. "बाईंनी तुमचा पिक्चर दावला मंग समजलं. मी आजीला सांगितलं, तुजं चुकतंय. लई भांडली माज्याशी. मी म्हटलं, अगं दिल्लीला बक्षीस भेटलंय, टीव्हीवर लागतंय, त्ये काय खोटं असंल? मंग गप झाली."

"काय म्हणाली?"

"कायच नाय. आता कुनी इचारलं तरी सांगत नाय. म्हनते, मला आठवत नाय." जनीने ढालीकडे बघितलं. "म्हातारी झाली ना."

सुचेताबाईंनी माईक विमलच्या हातात दिला. फोटोवाला वाकून उभा होता.  एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी आहे, हिची आजी बरोबर आहे, एवढंच. सगळा तालुका समोर बसला होता, आणि जनी मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होती.  पण ते वाक्य म्हटलं असतं तर त्यामागून नऊ वर्षं आणि पदक आणि ते सगळं भाषण ओघळत गेलं असतं, आणि उरली असती ती चाळीस चित्रं.

"या मुलींनी," विमल म्हणाली, "आपल्या मातीतला फेर जसाच्या तसा जपला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जनी वाकून तिच्या पाया पडली, आणि विमलने तिच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.